अक्षता पोचेपर्यंत झाडू नाही

आमच्या इमारतीचा जिना कधी झाडायचा, हे युरोपातल्या आगगाड्या ठरवतात.

मिहिर आणि सई, आजीला आता भ्रम व्हायला लागला असं म्हणू नका. तुमची आजी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत आली. चपला एका रेषेत, डब्यांची झाकणं ज्याची त्याला, हे माझं वेड तुम्ही सुट्टीत येऊन भोगलेलं आहे. अशा बाईच्या दारासमोर शनिवारी सकाळी पडलेली शेंगांची टरफलं सोमवारपर्यंत तशीच असतात आणि ती गप्प बसते. का बसते, ते सांगायचं तर वरच्या मजल्यावरच्या मल्लिनाथअण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णांना तुम्ही ओळखता. उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा आणि हातात फोन. नव्या पेठेत त्यांचं चादरींचं दुकान आहे. आता ते पुतण्या बघतो. अण्णा तरी रोज सकाळी जाऊन तासभर बसून येतात. "दुकानाला माजी सवय हाय," म्हणतात. घरी ते एकटेच. त्यांच्या पत्नी गंगाबाई गेल्या त्याला काही वर्षं झाली. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत. नात अक्षता मात्र सगळी शाळा इथे आजीआजोबांकडे राहून शिकली, माझ्याच वर्गात होती, आणि आता जर्मनीत कापडाच्या तंत्राचं पुढचं शिक्षण घेते आहे.

घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीवर लगेच केर काढायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. माझी आईही पाळायची. टांगा कोपऱ्यावरून वळला की थोडा वेळ थांबायचं, मग केरसुणी हातात घ्यायची. अण्णांचं थांबणं मात्र टांगा वळण्यावर भागत नाही. माणूस पोचल्याचं कळलं पाहिजे. मुलगा पुण्याला निघाला की गाडी पुण्याला लागेपर्यंत घरात झाडू नाही. पुतण्या माळशिरसला वसुलीला गेला तर तो परत येईपर्यंत दुकानातही नाही.

"का हो अण्णा, झाडलं तर काय होतं?" मी एकदा विचारलं.

"वाटेवर माणूस हाय की!" ते म्हणाले. जणू मी विचारलं होतं की पेटलेल्या स्टोव्हवर हात ठेवला तर काय होतं.

मुलगा पुण्याहून वर्षातून चार वेळा यायचा-जायचा, तोवर हे सगळं सोसण्यासारखं होतं. घोटाळा अक्षता परदेशी गेल्यावर झाला. ती पोरगी जर्मनीत एका जागी बसेना. शुक्रवार आला की पाठीला पिशवी लावून निघाली. आज हा किल्ला, पुढच्या आठवड्यात तो राजवाडा, मग एखादं तळं, मग डोंगर. तिकडे विद्यार्थ्यांना गाड्या स्वस्त पडतात म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी तिचा निरोप येतो, 'अज्जा, निघाले', आणि इकडे अण्णा खाली येऊन सुगलाबाईच्या हातातला झाडू काढून घेतात.

सुगलाबाई आमचा जिना झाडते. पहिल्यांदा ती तक्रार घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, मी काय करू? अण्णा झाडू घिऊन वर गेले की. म्हन्ले सोमवारी दितो."

मी दुसरा झाडू आणला. अण्णांनी तोही नेला. वर मलाच म्हणाले, "मॅडम, झाडू चांगला हाय. कुटनं आणला?"

मग मी शिक्षिकेच्या पद्धतीने मुद्देसूद बोलून पाहिलं. म्हटलं, "अण्णा, ती शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोचली. तसा निरोपही आला. म्हणजे आता ती वाटेवर नाही. शनिवारी झाडायला हरकत नसावी."

"पोचली म्हणजे कुटं पोचली?"

"तिथल्या वसतिगृहावर."

"ते काय घर हाय व्हय तिचं? एका खोलीत आट पोरी, खाली-वर पलंग. रेल्वेचा डबाच की तो. खोलीवर परत गेली म्हंजे पोचली."

यावर काय म्हणायचं? तुम्हाला सुचलं तर कळवा.

सोलापूरची धूळ तुम्हाला माहीत आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. दोन दिवसांत जिन्याचा रंग बदलतो. खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या शेंगा, चिंचोके, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, सगळं साठत जातं. पाहुणे जिना चढून येतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू मला बरं नाही.

पण अण्णांची खरी कसरत बघायची तर ती फोटो आल्यावर. अक्षता फोटो भरपूर पाठवते. ते घेऊन अण्णा माझ्याकडे येतात, कारण खालची इंग्रजी ओळ वाचून हवी असते. एकदा एका सुंदर राजवाड्याचा फोटो आला. मागे बाग, कारंजी, निळं आभाळ. मी म्हटलं, "वा! काय देखणं आहे!"

अण्णांनी राजवाड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गळ्याला मफलर न्हाय," म्हणाले. मग बूट बघितले. नाडी सुटली आहे का, ते फोटो मोठा करून बघितलं. मग बराच वेळ विचार करून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मागं राजवाडा. म्होरं ही हुबी. मग फोटू कुणी काडला?"

"मैत्रिणीने काढला असेल."

"मैत्रीण तर हितं शेजारी हुबी हाय की."

"मग आणखी एक मैत्रीण असेल."

"असंल," ते म्हणाले, पण त्या तिसऱ्या माणसाने त्यांना आठवडाभर झोप दिली नाही. शेवटी रविवारी अक्षतालाच विचारलं. एका म्हाताऱ्या जपानी बाईंनी काढला होता. तेव्हापासून अण्णांचं जपान्यांबद्दल मत फार चांगलं आहे.

दुसऱ्या एका फोटोत ती कुठल्याशा चर्चच्या मनोऱ्यावर, अगदी वरच्या कठड्याला टेकून उभी होती. केस वाऱ्यावर, हात दोन्हीकडे पसरलेले. अण्णा माझ्या खुर्चीतून उठले आणि फोनवर ओरडले, "अगं, धर की! कठडा धर!"

"अण्णा, हा कालचा फोटो आहे. ती केव्हाच खाली उतरली."

"उतरली व्हय?" म्हणाले आणि बसले. पण माझ्या टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती, ती चहा येईपर्यंत सोडली नाही.

मी त्यांना कधीकधी म्हणते, "इतकी काळजी वाटते तर तिला सांगा ना, नको फिरू म्हणून. तुमचा शब्द ती मोडायची नाही." त्यावर ते नुसतं छताकडे बघतात. मी समजायची, नात ऐकत नाही म्हणून म्हातारा हतबल झाला आहे.

आता गेल्या संक्रांतीचं सांगते.

त्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी दरवर्षी करते, आणि नीट करते. वाण आणून झालं होतं, तिळाच्या वड्या कापून झाल्या होत्या, चादरी बदलल्या होत्या. फक्त जिना राहिला होता. भोगीचा हरभरा सोलून कुणी घाट्यांची टरफलं टाकलेली, उसाची चिपाडं, बोरांच्या बिया, आणि पतंगाचा मांजा कठड्याला गुंडाळलेला. बायका नेसत्या जरीच्या साड्यांनी यातून वर येणार. मी शुक्रवारीच सुगलाबाईला बजावून ठेवलं होतं, की या वेळी अण्णा काहीही म्हणोत, रविवारी सकाळी जिना झाडायचा आणि पुसायचा. आणि अक्षता नेमकी त्याच शुक्रवारी ऑस्ट्रियातल्या डोंगरात एक तळं बघायला गेली. गावाचं नाव अण्णांना येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट येत नाही.

रविवारी सकाळी सुगलाबाई दारात आली. हात रिकामे.

"झाडू?"

"अण्णा घिऊन बसल्यात. जिन्यात."

मी पदर खोचला. आज मात्र ऐकून घ्यायचं नाही, असं ठरवून वर गेले. अण्णा मधल्या पायरीवर बसले होते. मांडीवर आडवा झाडू, हातात फोन. विभूती लावलेली नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, आज माझ्याकडे बायका येणार आहेत."

ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी झाडू माझ्यापुढे धरला. "घ्या," म्हणाले.

मला तो घेववेना. "काय झालं?"

त्यांनी फोन दाखवला. काल सकाळी अक्षताचा निरोप आला होता, 'बर्फ पडतोय, मस्त आहे.' त्याखाली अण्णांचे निरोप. पोचलीस का. जेवलीस का. फोन कर. फोन कर की.

"तुमी पोरांच्या पेपरावर बरोबरची खूण करता, तसली येती की इथं," ते म्हणाले. "दोन आल्या म्हंजे तिला गावलं. एकच पडलीया, मॅडम. कालपासनं दुसरी पडंना."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. धुळीत. पुण्याला त्यांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, बॅटरी गेली असेल. बाबांना सांगा काळजी करू नका म्हणून." पण त्याचा आवाजही सरळ नव्हता. त्याचे रात्रीपासून तिच्या मैत्रिणींनाही फोन लावून झाले होते. त्यांचेही लागत नव्हते.

मग मी माझ्या फोनवर त्या भागाच्या बातम्या शोधल्या. इंग्रजीत होत्या. खूप बर्फ पडला होता, डोंगरातले रस्ते बंद होते, काही ठिकाणी बर्फाचे कडे कोसळण्याची भीती होती. मी वाचत होते आणि अण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. वर्गात मुलं प्रगतिपुस्तक हातात पडण्याआधी बघतात, तसं.

"काय लिवलंय?"

कडे कोसळण्याचं वाक्य मी गाळलं. "बर्फामुळे रस्ता बंद झालाय. यंत्रं लावून झाडून काढताहेत."

अण्णा ताडकन उठले. "झाडायलेत?"

"हो. रस्त्यावरचा बर्फ..."

"तिकडं झाडायलेत? पोरगी वाटेवर असताना?" त्यांचा आवाज जिन्यात वरपर्यंत घुमला. "कळत न्हाय व्हय त्यास्नी? फोन लावा, मॅडम! तुमास्नी इंग्रजी येतंय की, सांगा त्यास्नी, थांबा म्हणावं!"

सुगलाबाईने तोंडाला पदर लावला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, ते झाडल्याशिवाय ती येणार कशी? रस्ता बर्फाखाली आहे."

ते पुन्हा पायरीवर बसले. बोटाने पायरीवरच्या धुळीत एक रेघ ओढली, पुसली. जन्मभर जे पाळलं ते एकीकडे आणि बर्फाखालचा रस्ता दुसरीकडे, आणि मध्ये म्हातारा. मग म्हणाले, "तिकडं झाडलं तरच सुटंल ती. मग हितं मी अडवून काय करायलोय?"

आणि त्यांनी झाडू सुगलाबाईकडे दिला. "झाड बाई. सगळा जिना झाड."

सुगलाबाईने झाडू घेतला. कठड्याला टेकवून ठेवला. "मी न्हाय झाडत," ती म्हणाली.

"अगं, मी सांगतोय की."

"तुमी लई सांगताय. पोरगी पोचू दे आधी. आन बाईंच्या बायकांस्नी येऊ दे तशाच. पाय हायत की त्यांना." मग माझ्याकडे वळून, "व्हय का न्हाय, बाई?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा 'व्हय' निघालं असावं.

संध्याकाळी बायका आल्या. टरफलं पायाखाली करकरत होती. पहिली आली ती कुरकुरतच आली, "अहो, तुमचा जिना..." मी कारण सांगितलं. दारातून मागे वळून तिने खालच्या बाईला हाक मारली, "अगं, जपून ये, लाथाडू नकोस काही." नंतर प्रत्येकीने मागचीला सांगितलं. जरीच्या साड्या घोट्यावर धरून सगळ्या अशा वर आल्या, जणू जिन्यात कुणी झोपलेलं आहे. हळदीकुंकवात नेहमी असतो तो कलकलाटही नव्हता. अण्णांना मी खाली माझ्याकडेच बसवलं होतं, आतल्या खोलीत, खिडकीपाशी. बायका येऊन दारातून त्यांना बघत आणि तिळाची वडी हातात ठेवून परत जात. अण्णांच्या ओंजळीत वड्या साठत गेल्या. त्यांनी एकही तोंडात टाकली नाही.

फोन वाजला तेव्हा मी कुणाला तरी अत्तर लावत होते.

अण्णांना घाईत नेमकं कुठे बोट लावायचं ते सुचेना. वड्या जमिनीवर सांडल्या. फोन त्यांनी माझ्या हातात कोंबला, मी उचलला, आणि चुकून आवाज मोठा झाला तो सगळ्या घराने ऐकला.

"अज्जा! अज्जा, मी ठीक आहे!"

हॉलमध्ये बायकांनी एकदम श्वास सोडला. अक्षता भराभरा सांगत होती. गावातली वीज गेली, फोनही बंद पडले, रस्ता अडला. त्या तिघी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहिल्या होत्या. तिने चुलीवर बटाट्याचं सार करून घातलं, रात्रभर पत्ते खेळवले. आता रस्ता मोकळा झाला होता, ती गाडीत बसली होती. "मफलर होता, अज्जा. दोन होते."

अण्णा बोलत नव्हते. तोंड उघडं, डोळे मिटलेले. पोरीला ती शांतता राग वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "बाबांचा निरोप आत्ता वाचला, तुम्ही कालपासून जेवला नाही. मी आता कुठे जाणार नाही, अज्जा. खरंच. परीक्षेपर्यंत शनिवार-रविवार खोलीतच बसेन. तुम्हाला त्रास नको."

"शहाणी गं पोर!" हॉलमधून कुणीतरी म्हणालं. मलाही वाटलं, सुटला म्हातारा एकदाचा. जिनाही सुटला.

अण्णांनी डोळे उघडले. माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि गॅलरीत गेले. त्यांनी काही खाल्लं नव्हतं म्हणून मी वडीची ताटली घेऊन मागोमाग गेले. ते पाठमोरे होते. अक्षताशी ते नेहमी थोडं मराठी, थोडं कानडी बोलतात. त्या वेळी सगळं मराठीत बोलले, म्हणून मला कळलं.

"खुळी का काय तू? खोलीत बसायला गेलीस व्हय तितं?"

ती काहीतरी म्हणाली.

"मला तरास न्हाय होत. कोण म्हनलं तरास होतंय? तुजा बाप? त्याला काय कळतंय. तो दिवाळीला येतो, एका दिवसात जातो." थोडं थांबले. "आजी होती तवा माहेरी जायची, करकंबला. तवा तिची वाट बघायचो. आता कोण जातंय माजं कुटं? सोमवार ते शुक्रवार माजं कुणी वाटेवर नसतंय, बाळ. शनवार आला की तू असतीस. तू खोलीत बसलीस तर मी कुणाची वाट बगू?"

पलीकडून रडल्यासारखा आवाज आला. हॉलमधल्या बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी ताटली कट्ट्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिले.

"रडू नगंस. डबा हाय की तो रेल्वेचा, लोक बगतील," अण्णा म्हणाले. मग सदऱ्याच्या बाहीने नाक पुसून, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर काढतात त्या आवाजात त्यांनी विचारलं, "बरं, ते सोड. फुडल्या शनवारी कुटं जायचं, ते सांग."